एकाच बाजूला शेपूट असलेलं विमान

मामानं माझ्या धाकट्या भावासाठी मुंबईहून विमान आणलं, आणि खोका उघडल्याबरोबर भावानं भोकाड पसरलं. झाकणावर ढगांतून झेपावणारं हिरवंगार विमान, आणि आत नुसत्या प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी, त्यांना चिकटलेले बारीक बारीक तुकडे. मामा गोदीत कामाला होता. बोटीवरच्या कुणा खलाशाकडून त्यानं ते हौसेनं घेतलं होतं. ते आपणच जोडायचं असतं, हे त्यालाही खोका उघडल्यावरच कळलं. "जोड की लेका, हात न्हाईत का तुला?" असं म्हणून तो मोकळा झाला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं परत गेला. भावानं दोन तुकडे मोडून काढले, एक चावून बघितला आणि विटीदांडू घेऊन तो पळाला. खोका राहिला माझ्याकडं.

ही एकाहत्तरच्या दिवाळीतली गोष्ट. आम्ही तेव्हा कोल्हारला राहत होतो. दादा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसाच्या गाड्यांची वजनं करायची, हे त्यांचं काम. माणूस अबोल. आई म्हणायची, "काट्यावर बसून बसून घरातबी तोलूनच बोलत्यात." मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे भाकरी थापत होते, धुणी धूत होते आणि लग्न जमायची वाट बघत होते. खरं तर वाट आई बघत होती. मी नुसती चिडचिड करत होते.

दुपारची भांडी झाली की मी ओसरीवर खोका घेऊन बसायचे. आत एक कागद होता, त्यावर कुठला तुकडा कुठं बसतो त्याची चित्रं आणि आकडे. दादांच्या दाढीचं जुनं पातं अर्धं मोडून मी तुकडे सोडवायचे आणि काडेपेटीच्या घासायच्या बाजूवर त्यांच्या कडा घासायचे. दोन अर्धी जुळली की कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे. खोक्यातल्या ट्यूबमधला डिंक मोठा उग्र होता. तो नुसता चिकटायचा नाही, प्लॅस्टिकच वितळवायचा. पहिल्याच दिवशी एका पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उठला. पण दोन तुकडे बोटांखाली एकजीव झाल्याचं जाणवायचं तेव्हा मला जो आनंद व्हायचा, तो मला आजवर फार कमी गोष्टींनी दिलाय. त्या वेळी कुणी हाक मारली तर मी ओ द्यायचे नाही.

घोडं अडलं ते शेपटीपाशी. मागच्या टोकाला डाव्या बाजूचा आडवा पंख बसला, उजव्या बाजूचा काही सापडेना. कागदावरही त्याचा आकडा दिसेना, पण तो छापायचा राहिला असेल असं मला वाटलं. मी भावाला धरलं. चावलास तो तुकडा कुठाय? त्यानं आईची, देवाची, सगळ्यांची शपथ घेतली. मी ओसरी दोनदा झाडली, माजघर झाडलं, परसातला उकिरडासुद्धा काठीनं उचकला. आई म्हणाली, "सोनं हरवलं असतं तरी एवढं शोधलं नसतंस." शेवटी हताश होऊन मी झाकणावरचं चित्र नीट बघितलं. त्यातही शेपूट एकाच बाजूला होतं! एवढंच नाही, माणसं बसायची काचेची खोली विमानाच्या मधोमध नव्हतीच. इंजिनाचं धूड एकीकडं आणि ती खोली त्याच्या शेजारी उजव्या पंखावर वेगळी मांडलेली. ती बसवायची अजून बाकी होती. चित्रात हे मी आधी पाहिलं होतं, पण चित्रकाराचा हात वाकडा गेला असेल असं धरून चालले होते.

मग मी शाळेतली डिक्शनरी काढली आणि कागदावरचा बारीक मजकूर शब्द शब्द लावत वाचला. मागच्या मोठ्या लढाईत जर्मनांनी प्रयोग म्हणून हे विमान केलं होतं. टेहळणी करणाऱ्याला इंजिन आड येऊ नये म्हणून खोली बाजूला काढली, आणि मागंही मोकळं दिसावं म्हणून तिकडचं शेपूटच उडवलं. अशी विमानं थोडीच झाली, पण चांगली उडाली म्हणे. ओसरीवर एकटीच बसून मी खदखदा हसले. ज्या कुणाला हे सुचलं असेल त्याला घरच्यांनी किती नावं ठेवली असतील, असं माझ्या मनात आलं. तेव्हापासून ते विमान मला फार आवडायला लागलं. सायकलच्या दुकानातून हिरवा रंग मागून आणला आणि मी ते रंगवलं.

ते वाळलं न वाळलं तोच पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. मनमाड रस्त्यावरच्या मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लागला, आमच्या खिडक्यांना कागद लागले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी विमानं. आईनं माझं विमान उचलून रेडिओवर ठेवलं. बातम्या ऐकायला आलेली माणसं आधी ते बघायची. "कुणी केलं हो?" असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तेव्हा मी दारातच उभी होते.

"आमच्या धाकट्यानं," आई म्हणाली.

लोक गेल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती शांतपणे म्हणाली, "पोरीनं इमान जोडलं म्हणून सांगू? लोक म्हनतील, हिला घरात काय काम न्हाई का. लग्न व्हायचंय तुझं." मग साऱ्या आळीत तेच झालं. भाऊ तर पोरांना गोळा करून आपण शेपूट कसं बसवलं ते सांगायला लागला. हळूहळू त्याला ते खरंच वाटू लागलं असावं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला बक्षीस नको होतं, कौतुकही नको होतं. हे हिनं केलंय, एवढं एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं. दादा पेपरात डोकं घालून बसलेले असायचे. घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसेल, असंच मी समजत होते.

संक्रांत झाली आणि संगमनेरकडचं एक स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. आईनं हे स्थळ मनात धरून ठेवलं होतं. त्या काळी मुलगी बघायला आले की तिच्या हातच्या वस्तू मांडून ठेवायची पद्धत होती. माझ्या हातचं मांडण्यासारखं आईच्या मते काहीच नव्हतं. मग शेजारून मण्यांचा राजहंस आला, पलीकडच्या घरातून क्रोशाचा रुमाल आणि वायरची पिशवी आली. सगळं टेबलावर नीट मांडलं. विमान रेडिओवरच होतं. "तू एक शब्द बोलायचा न्हाईस," आईनं मला बजावलं.

मुलगा गोरागोमटा, खाली मान घालून बसलेला. बोलत होते ते त्याचे चुलते. मी पोहे फिरवून कोपऱ्यात उभी राहिले. चुलत्यांनी राजहंस उचलून बघितला. "ह्ये पोरीनं केलं व्हय? झ्याक हाय." आईनं हसून मान डोलावली. मग त्यांचं लक्ष रेडिओकडं गेलं. "आन् ह्ये इमान? आपलं हाय का पाकिस्तानचं?"

"जर्मनचं," भाऊ म्हणाला.

"आमच्या धाकट्यानं जोडलंय," आई लगेच म्हणाली.

चुलत्यांनी ते हातात घेऊन फिरवलं आणि मोठ्यानं हसले. "लेकरानं पार वाकडं जोडलंय की! शेपूट एकाच अंगाला. दुसरं कुठं हाय रे?"

भावानं माझ्याकडं बघितलं. आईचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. मी ओठ घट्ट दाबून धरले.

तेवढ्यात दादांनी घसा खाकरला.

"वाकडं न्हाई ते," ते म्हणाले. "मूळचंच तसं हाय. आन् पोरानं न्हाई, पोरीनं केलंय. दिवाळीपास्नं बघतोय मी. पोराचा हातबी लागल्याला न्हाई." मग जरा थांबून त्यांनी टेबलाकडं बोट केलं. "ह्यो राजहंस, रुमाल आन् पिशवी शेजारची हाय. सांजच्याला परत द्यायचीय."

चुलत्यांनी विमान हळूच खाली ठेवलं. चहा कसाबसा झाला. "कळवतो," म्हणून मंडळी उठली, आणि ती काही कळवणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच समजलं. दादांनी टोपी घातली आणि ते कारखान्यावर निघून गेले.

मी स्वयंपाकघरात गेले, चुलीपुढं बसले आणि ओक्साबोक्शी रडले. आई मागून आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडू नगं गं," ती म्हणाली. "दुसरं स्थळ येईल. ह्याच्यापेक्षा चांगलं येईल." मी आनंदानं रडतेय, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तिचा हात पाठीवर फिरत राहिला आणि मला आणखीच रडू येत राहिलं.