कपडे उतरवायचं इंग्रजी

धंतोलीत दवाखान्यांची कमी नाही. एका इमारतीत हाडं, दुसरीत डोळे, तिसरीत मूल न होणं, अन् मधल्या फटीत चहाची टपरी. अशाच एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते. म्हणजे दिवसभर बायकांना कपडे उतरवायला सांगते. ऐकायला कसंतरी वाटतं, पण कामच ते आहे. अन् हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं कुहीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला ब्लाउज काढायला सांगून पाहावं.

ती काढत नाही. 'काढा' म्हटलं की पदर आणखी घट्ट आवळते. म्हणून आम्ही सरळ म्हणतच नाही. आधी गाव विचारायचं, मग यंदाचा धान कसा आहे ते विचारायचं, मग पाठ फिरवून म्हणायचं, माय, जरा मोकळं व्हा, हा झगा अंगात घाला, मी काही पाहून नाही राहिली. गळ्यातली पोत, म्हणजे मंगळसूत्र, ते तर काढायला सांगायचंच नाही. वर सरकवून दातात धरायला सांगायचं. छातीचा फोटो मस्त निघतो. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. तिथं पोत काढा कोण म्हणेल? ती कधी काढतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण आमचे मालक डॉक्टर परदेशातला कोणतातरी दवाखाना पाहून आले, अन् त्यांना साक्षात्कार झाला की आपल्या दवाखान्यात फक्त एकच गोष्ट कमी आहे, इंग्रजी. संडासाला कडी नव्हती, लिफ्ट आठवड्यातून एकदा अडकायची, पण कमी होतं ते इंग्रजी. मग त्यांनी एक बाई आणली, व्यक्तिमत्त्व घडवणारी. तिचं स्वतःचं व्यक्तिमत्त्व म्हणजे अत्तर अन् उंच टाचा.

तिनं आम्हा चाळिशीपारच्या बायकांना रांगेत उभं केलं अन् घोकून घेतलं. रिमूव्ह युअर फुटवेअर. रोल अप युअर स्लीव्ह. टेक ऑफ युअर ब्लाउज. पुट ऑन द गाऊन. आम्ही बालवाडीतल्या पोरांसारख्या सुरात म्हणायचो. प्रत्येक वाक्य हसून म्हणायचं, असा तिचा आग्रह होता. ब्लाउज काढा हे हसून म्हणायचं. आमच्या गल्लीत कोणी असं हसून म्हटलं असतं तर त्याला बायांनी चपलेनं हाणलं असतं.

वर तिचा एक नियम होता. आधी इंग्रजीत सांगायचं. पेशंटला नाही समजलं तर तेच वाक्य मराठीत, जसंच्या तसं. माय, आजी, जरा, असलं काही लावायचं नाही, गावंढळ वाटतं म्हणे. मी विचारलं, खापा-कुहीहून येणाऱ्या बाईला तुमचं इंग्रजी काहून समजणार? ती म्हणाली की समजणं नंतर, आधी स्टँडर्ड दिसलं पाहिजे. उचलली जीभ लावली टाळ्याला. अन् मालक शेजारी उभे राहून मान हलवत होते.

तिची लाडकी शिष्या म्हणजे आमची काउंटरवरची मॅडम. हिचं इंग्रजी खरंच चांगलं होतं, अन् ते चांगलं आहे हे तिला फारच माहीत होतं. नव्या वाक्यांसाठी ती पेशंट शोधतच होती.

त्या सुमारास वरच्या मजल्यावर आयसीयूत खाप्याजवळच्या एका खेड्यातले गृहस्थ होते, श्वासाच्या मशीनवर. त्यांची बायको बाहेरच्या बाकाजवळ चादर टाकून बसलेली असायची. साठीच्या वरची, वाळलेली, मोठ्ठं कुंकू लावणारी बाई. तिला खोकला लागला म्हणून डॉक्टरांनी तिचाही छातीचा फोटो काढायला सांगितला. मी तेव्हा एका माणसाच्या मोडलेल्या पायात गुंतले होते. म्हणून मॅडम तिला स्वतः खाली घेऊन आली अन् कपडे बदलायच्या खोलीत नेलं.

मधे नुसती प्लायवूडची भिंत, सगळं ऐकू येत होतं. टेक ऑफ युअर ब्लाउज. पुट ऑन द गाऊन. म्हातारीनं अंदाजानं केलं असावं. मग आलं, टेक ऑफ युअर मंगळसूत्र, प्लीज. म्हातारीला ते समजलं नसावं. मग मॅडमनं नियम पाळला. जसंच्या तसं, हसऱ्या आवाजात म्हणाली, "मंगळसूत्र काढा."

मी तो पाय तसाच टेबलावर सोडला अन् धावले.

म्हातारी जमिनीवर बसली होती, अंगात उलटा घातलेला हिरवा गाऊन. पोत काढून तिनं मुठीत धरली होती अन् दुसऱ्या हातानं पदराच्या टोकानं कपाळ पुसून राहिली होती. कुंकू भुवईपर्यंत फासलं गेलं होतं. रडत नव्हती. माझ्याकडे पाहून तिनं एवढंच विचारलं, "कवा गेले वं माय?"

यात तिची काय चूक? खेड्यातल्या माणसाला दवाखान्यात कोणी खरं तोंडावर सांगत नाही. बाईला काहीतरी निमित्त काढून बाजूला नेतात, चहा घ्या म्हणतात, सही करा म्हणतात, अन् तिथं सांगतात. ती कितीतरी दिवस त्याच हाकेची वाट पाहत बसली होती. हाक आली, तिला खाली नेलं, अन् पोत काढा म्हटलं. आणखी काय सांगायचं राहिलं?

मॅडम मला म्हणाली की पेशंट कोऑपरेट करत नाही. इंग्रजीतच म्हणाली. मी तिला हातानंच बाहेर व्हायला सांगितलं, कारण तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

मी म्हातारीला सांगितलं, तुमचे मालक जिते हायेत, कुठी नाही गेले. तिनं माझ्याच हातावर थोपटलं. "सांग नं माय, तुले नाही बोलत मी काही." ती माझीच समजूत काढत होती! मला रडू आलं, तर तिचा आणखीच पक्का समज झाला.

शेवटी तिला धरून वर नेलं. आयसीयूच्या दारावर गार्ड म्हणाला, ही भेटायची वेळ नाही. त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत तिनं नवऱ्याच्या तळव्याला हात लावला, बराच वेळ तसाच ठेवला. मग त्याच्या कानाशी वाकली. "अवो, मी नाही काढली जी. मले काढाले लावली." तो बेशुद्ध होता. तरी तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं, अन् मगच पोत गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी यावर मीटिंग झाली. मला वाटलं, आता तरी थोडी लाज वाटेल. लाज कसली? व्यक्तिमत्त्ववाल्या बाईनं सांगितलं की चूक टोनमध्ये झाली. तिनं नवं वाक्य बसवून दिलं. युअर हजबंड इज फाइन, प्लीज टेक ऑफ युअर मंगळसूत्र. मालकांना ते फार आवडलं. ज्या बाईचा नवरा दहा वर्षांपूर्वी वारला तिलाही हेच म्हणायचं का, असं मी विचारलं, तर मी निगेटिव्ह आहे असं ठरलं. अशा शहाण्यांपुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ते गृहस्थ खरंच गेले. दुपारची वेळ होती. मोठ्या डॉक्टरांनी म्हातारीला स्वतः सांगितलं, स्वच्छ मराठीत, तिच्या भावाला शेजारी उभं करून. भाऊ रडायला लागला. ती रडेना. तिनं पोत मुठीत गच्च धरली अन् सगळ्यांवर डाफरली की मागच्या खेपेलेही असंच सांगतलं होतं, मी नाही काढत. आत चला, डोळ्यांनी पाहा, असं भावानं म्हटलं, तर जागची हलेना. फोटोवाल्या बाईले बोलवा, म्हणाली. ते सांगन खरं.

मला बोलवायला वॉर्डबॉय आला. मी आधी आत जाऊन पाहून आले. मशीन बंद होती, चादर तोंडावर ओढलेली होती. बाहेर आले तर ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. आयुष्यभर मी आडवळणानं बोलत आले, गाव विचारत, धान विचारत. त्या वेळी मला एकही आडवळण सापडलं नाही. तिच्यापुढं खाली बसले अन् म्हटलं, "गेले, माय."

तिनं पोतीवरची मूठ सोडली अन् दोन्ही हात मानेमागं नेले.