भुंडा हात

बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा दवाखान्यात नर्सबाईनं त्या हातातल्या बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या. जीव वाचला. हात मात्र मूठ वळून पोटाशी चिकटलेला, तसाच अमरावतीच्या घरी आला. चालता येत नाही याचं तिला एवढं नव्हतं. तिचं एकच, "तुमी जिते, अन् माहा हात भुंडा. बाया काय म्हनतीन?"

लेक अकोल्याले नोकरीला. तिच्या ओळखीच्या व्यायामाच्या मॅडमनं एक टॅब दिला अन् मनगटाचा पट्टा. पट्टा बांधून हात उचलला की टॅबमधल्या झाडाचं फळ तुटून टोपलीत पडायचं. किती पडली ते अकोल्यात मॅडमच्या मोबाईलवर दिसे. मी चौथी शिकलेला, पण तेवढं जमलं. मूठ सुटली की बांगड्या भरू, असं तिला कबूल केलं.

पहिल्या दिवशी सहा फळं पाडून बायको म्हणाली, "खाता येत नाही, इकता येत नाही. काहाले तोडाले लावता?" दोघंही हसलो. मग हसणं संपलं. खांदा इतका ठणके की पट्टा पाहूनच ती रडायची. फळं कमी झाली की लेकीचा फोन, "बाबा, आईकडून करून नाही घेऊन राहिले का तुमी?"

एका सकाळी ती रडून रडून झोपली. मी पट्टा माझ्याच मनगटाला बांधला अन् चाळीस फळं पाडली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. वाटलं, चार दिवस तिच्या खांद्याले आराम पडू दे, मग करू. महिना गेला. लेकीलाही त्या महिन्यात यायला जमलं नाही.

मॅडमचा फोन आला. "काकू, कमाल केली तुम्ही! मी तपासायला येणार होते, आता गरजच नाही." बायकोनं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमचा हात बरा झाला म्हनते. आता माहा कधी करता?"

तेव्हाच मॅडमला खरं सांगायचं होतं. लाज वाटली. पट्टा तिच्या हाताला बांधला, तर हात पोटापासून हलेना. मूठ दगड. मी तिच्यावरच ओरडलो, "जोर लाव ना बाई!" संध्याकाळी मॅडमनं विचारलं, आज एकही फळ कसं नाही? मी म्हटलं, चार्जिंग नव्हतं.

आठवडाभरानं दुसरा झटका आला. त्यात ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरव्या बांगड्या आणल्या. डाव्या हातात भरल्या. उजव्या मुठीवरून जाईनात. तेल लावलं. दोन फुटल्या. एक म्हातारी म्हणाली, राहू द्या आता. लेक रडता रडता थांबली.

"बाबा, आई तर चाळीस चाळीस फळं पाडे. मंग हा हात असा काहून?"

मी म्हटलं, "पट्टा माह्या हातात होता."

आता ती फोन करते. जेवले का विचारते अन् ठेवून देते. बाबा म्हणत नाही.