गारगोटीची राइड आणि रणजितदादांची ॲसिडिटी

गारगोटीला सायकलनं जायचं हे रणजितदादांनी ठरवलं. जाण्याआधी पाय भादरायचे, हेही त्यांनीच ठरवलं.

दादा आमच्या गटाचे म्होरके. पन्नाशी ओलांडलेली, कोल्हापुरात मंगळवार पेठेत हार्डवेअरचं दुकान. गटात त्यांच्याशिवाय दोघंच: पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा समीर आणि कॉलेजात गणित शिकवणारी मी.

"पडलं तर जखम साफ ऱ्हाती. पट्टी काढताना केसं ओढत न्हाईत," दादांनी समीरला समजावलं. "भायेरचे सगळे रेसर भादरत्यात."

समीरनं वस्तरा चालवला, दोन-तीन ठिकाणी कापून घेतलं आणि मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही नंतर काय लावता?" मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून पार्लरमध्ये वॅक्सिंग करून घेते. त्याला आजवर कुणी साधना म्हटलं नव्हतं. कोरफड लाव, मी म्हणाले.

दादांचा दुसरा नियम असा, की सायकलवर दुखतंय म्हणायचं नाही. मान, तळवे, बूड, सगळं दुखतं; बोलायचं मात्र नाही. "बोललं की वाढतंय," असं त्यांचं शास्त्र.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. कळंबा मागे पडला की शहर संपतं. कात्यायनीचा चढ दिसतो लहान, पण पहिल्याच गिअरवर आणतो. पुढे रस्ता चांगला आहे. ऊसतोडीच्या दिवसांत जाणार असाल तर ट्रॉल्यांपासून लांब राहा. मागची ट्रॉली वळणावर कुठे येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. नवख्यांनी मुदाळतिट्ट्यावरून परत फिरावं, त्यात कमीपणा नाही.

तिट्ट्यावर रश्श्यात बुडवलेला कटवडा खाल्ला. तिखट, स्वस्त आणि दिवसभर लक्षात राहणारा. एरवी दोनदा कट मागून घेणाऱ्या दादांनी अर्धा वडा तसाच ठेवला. "ॲसिडिटी हाय," म्हणाले.

तिथून पुढे ते माझ्या मागे राहिले. असं कधी होत नाही. हवेत गारठा होता आणि त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता.

"दादा, काय होतंय?"

"काय न्हाय. चला."

थोडं पुढे मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग ओढ्यावरच्या एका मोरीपाशी त्यांनी पाय टेकला आणि जबडा चोळत उभे राहिले.

"दादा काय न्हाय म्हणत्यात म्हंजे काय न्हाय," समीर म्हणाला. "गारगोटी आलीच की."

"छातीत दुखतंय का?" मी दादांना विचारलं.

त्यांनी रस्त्याकडे बघत विचार केला. "दुखत न्हाय. कुणीतरी बसल्यागत वाटतंय."

मी सायकल आडवी टाकली आणि समोरून येणारा दुधाचा टेम्पो हात करून थांबवला.

"काय पावणं, पंक्चर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही, माणूस," मी म्हणाले.

त्यानं मला पुढचं काही विचारलं नाही. टेम्पो वळवला, दादांना पुढे बसवलं. आम्ही दोघं सायकलींसकट मागे, कॅनांच्या मधे.

गारगोटीतल्या छोट्या दवाखान्यात नर्सनं दादांची जर्सी वर केली. ईसीजीच्या पट्ट्या चिकटेनात. "पाय एवढं गुळगुळीत आणि हितं जंगल," म्हणत तिनं छातीवर वस्तरा फिरवला. कुणी हसलं नाही. समीर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

डॉक्टरांनी कागद पाहिला, गोळ्या चावायला दिल्या आणि ॲम्ब्युलन्स मागवली. "कधीपासून होतंय?"

"तिट्ट्यापासून," दादा म्हणाले.

मी बाहेर येऊन वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "चार दिस झालं, जिन्यात थांबत हुते. इचारलं की चप्पल नीट करतोय म्हणायचे."

मी आत जाऊन सगळ्यांदेखत ते डॉक्टरांना सांगितलं. दादांनी डोळे मिटून घेतले.

समीर त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून कोल्हापूरला गेला. टेम्पोवाल्यानं दोघांच्या सायकली आपल्या गोठ्यात ठेवून घेतल्या, "कवाबी या," म्हणाला. मी एकटीच सायकलनं परत निघाले. येताना प्रत्येक गाडीच्या हॉर्ननं दचकत होते, फोन वाजला की सायकल थांबवत होते. कात्यायनीच्या अलीकडे मान भरून आली, तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "दुखतंय." वाढलं नाही.

घरी पोचले तोवर समीरचा निरोप आला होता: स्टेंट टाकला, दादा बोलतायत.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. बघायला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "दादा वाघ हाय वाघ." दादा मान हलवत होते. सगळे उठून गेले, वहिनी चहाला आत वळल्या, तेव्हा त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"मॅडम, त्या टेम्पोत लई भ्यालतो. ड्रायव्हर काय काय इचारत हुता आणि माज्या तोंडातनं आवाज निघंना. वाटलं, गारगोटी यायचीच न्हाय."

"मी या राइडवर ब्लॉग लिहिणार होते," मी म्हणाले. "आता नाही लिहीत."

"लिवा की," ते म्हणाले. "पण भ्यालतो हे गाळू नगा."