दुसरा चमचा

साखर त्या काळी रेशनची, आणि माझा साळा पक्का गोडखाऊ. त्याच्यावर माझा भरवसा पहिल्यापासूनच नव्हता, आधीच सांगून ठेवतो.

माजरीच्या खाणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी खानसामा होतो. इंग्रज गेले, हा राहिला. त्याला घरी केलेल्या बियरची हुक्की आली. जव, खमीर सगळं त्यानंच आणवलं, मला शिकवलं. म्हणाला, जमली तर तुझ्या साळ्याला वर्कशॉपात लावतो. झालं! बायकोनं तेव्हापासून माझं डोकं खाल्लं. तिचा भाऊ सावली गावची शेती सोडून आला होता, आणि त्याचं लग्न याच नोकरीवर अडलं होतं.

बियर तयार झाल्यावर आम्ही दोघं ती बाटल्यांत भरायला बसलो. मी ओतायचो, तो प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर टाकून बूच ठोकायचा, वरून तार बांधायचा. साहेबानं बजावलं होतं, साखरेनंच फेस धरतो, पण चमचा एकच. जास्त पडली तर बाटली फुटते. मी मान वर करावी तर हा बोटं चाटतोय. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काऊन रे, बाटलीत टाकून राह्यला का तोंडात?"

"सगळ्याईत एकेक टाकली ना भाऊजी. बोटाले लागली तेवढीच चाटली."

बोटाला लागली म्हणे! मला काय येडा समजला? दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाजारात गेला, तशी मी बुचं काढली आणि प्रत्येक बाटलीत माझ्या हातानं चमचाभर साखर घालून बुचं, तारा होत्या तशा पुन्हा बसवल्या. एका बाटलीचं बूच तेवढं रुतून बसलेलं, हलेचना. म्हटलं, मर तशीच.

चार दिवसांनी, साहेब जेवायला बसला असताना, मागच्या खोलीत धडाधड बाटल्या फुटल्या. बापा रे, बंदुकाच! धावत गेलो तर काचांमध्ये एकच बाटली शाबूत, रुतलेल्या बुचाची. साहेबानं ती पकडीनं उघडली. पांढराशुभ्र फेस वर आला. घोट घेऊन तो म्हणाला, "ये वाला ठीक है. बाकी में डबल शक्कर कौन डाला?"

त्यानं साळ्याकडे पाहिलं. मीही साळ्याकडेच पाहिलं.

"एकच टाकली जी," तो रडकुंडीला आला. मी तोंड उघडलं नाही. भ्यालो, दुसरं काय! माझीच नोकरी गेली असती.

तो सावलीला परतला. लग्न मोडलं.

दिवाळीनंतर नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन तो आमच्याकडे आला. जेवताना म्हणाला, "भाऊजी, मी लय विचार केला. माह्याच हातून दोन-दोन चमचे गेले असतीन. तुमचं नाव खराब केलं मी."

बायकोनं खिरीची वाटी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती माझ्याकडे सरकवली.

"गोड सोडलं बाई मी," तो बहिणीला म्हणाला.

ती खीर मी खाल्ली.