माहेरच्या बांधावरचे दगड

दगड आणायला माहेरी जाते म्हटल्यावर आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "लोक माहेराहून साडी आणतात," म्हणाले. कर्वेनगरच्या आमच्या तळमजल्यावरच्या बागेत त्यांनीच हातभर खोल तळं खणलं होतं आणि काठाला दगड हवे होते. दुकानातले पाहून झाले. ते इतके चकचकीत की तळ्याचं न्हाणीघर झालं असतं. मला हवे होते आमच्या वाघोलीच्या शेतातले, नांगराला लागून निघालेले, बांधावर रचून ठेवलेले काळे दगड.

पण निघताना मी दोनदा दारातून मागं फिरले. माझा धाकटा भाऊ नाना ते शेत बिल्डरला विकतोय, हे मला बाहेरून कळलं होतं. त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वडिलांच्या मागं सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणजे माझी सही लागणार. अशा वेळी बहीण शेतात दिसली की लोक एकच अर्थ काढतात, हिस्सा मागायला आली! न जावं, तर यंत्रं येऊन बांध पुसणार. जावं, तर भाऊ तुटायचा. हिस्सा नको होता हो मला. एकुलता एक भाऊ आहे, तो हवा होता. आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "नाना, बांधावरचे थोडे दगड नेऊ का?" तळ्याला हवेत म्हटलं, तरी त्यानं कशाला ते पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "ने की."

स्वारगेटला वाघोलीची बस मिळाली, खिडकीही मिळाली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय काम काढलंत वाघोलीत?"

"दगड आणायचेत."

"का? पुण्यातले संपले?"

एरवी मी सोडलं नसतं त्यांना. त्या दिवशी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर नगर रस्ता कासवाच्या गतीनं सरकत होता. पूर्वी जिथून हरभऱ्याची शेतं सुरू व्हायची, तिथं आता खाली मोबाइलचं दुकान, वर क्लास आणि त्याच्याही वर जिम आहे.

घरी नाना नव्हता. त्याच्या बायकोनं, सुमननं, बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं. वाढताना तिचं लक्ष माझ्या पर्सकडे.

"वन्सं, निसतं दगडच न्यायला आलाय व्हय?"

"दगडच गं."

"न्हाई, मी आपलं इचारलं."

पिठलं झकास होतं, पण मी अर्ध्या भाकरीवरच उठले.

फाट्यावरून छोटा टेम्पो ठरवला आणि शेतात गेले. टेम्पोवाल्यानं गाडी घसरू नये म्हणून चाकामागं दगडाची वटकण लावली आणि तो तंबाखू मळत बसला. मी दगड निवडू लागले. एक बाजू सपाट हवी, शेवाळाचे डाग असले तर उत्तम. पांढरी रेघ दिसली की तिच्यावर लिंबू पिळायचं. फेस आला तर तो दगड बाद, कारण चुन्यानं तळ्याचं पाणी बिघडतं. मग मापाला बसतात का पाहावं म्हणून मी दगड बांधावर ओळीनं मांडले आणि पर्समधून मोजपट्टी काढून लांबलचक ताणली.

पलीकडच्या शेतातला माणूस खुरपं टाकून उभा राहिला. त्यानं फोन कानाला लावला आणि शिवारभर ऐकू जाईल असा ओरडला, "नाना, पळ! आक्का मोजनी करतीया!"

मी हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. विकायला काढलेलं शेत, बांधावर उभी बहीण आणि तिच्या हातात मोजपट्टी. अगं बाई, काय केलंस हे!

नाना मोटारसायकल आडवी टाकून धावत आला. तोंड पांढरंफटक. "आक्का, खरं सांग. मोजाया आलीस?"

"दगड मोजतेय रे!"

"दगड कोन मोजतं?"

मग मात्र माझं टाळकं सरकलं. "मी मोजते! आणि ऐक, चार दगड न्यायचे तरी मी तुला फोन करून विचारलं. तू अख्खं शेत विकायला काढलंस. मला विचारलंस?"

तो मटकन बांधावर बसला. टेम्पोवाला उगाचच चाक तपासायला गेला.

"भ्यालो गं," नाना खाली बघत म्हणाला. "तू न्हाई म्हनली असतीस तर?"

"तर भांडले असते. कडाकडा. आणि मग सही केली असती."

 मी दगडाला हात घातला, तसा तो उठला. "हात घालू नगं, खाली इंचू असतोय," म्हणाला आणि काठीनं एकेक दगड उलथून त्यानंच टेम्पोत भरला. निघताना मात्र "पुन्हा ये" म्हणाला नाही.

परतताना प्रत्येक खड्ड्यात मागं दगड करकरत होते. जास्त बोलले का मी? टेम्पोच्या हौद्यात माहेर भरून चालले होते आणि तिकडे माहेर उरलं की नाही, ठाऊक नव्हतं. घरी ह्यांनी हौसेनं काठ रचला, मासे सोडले. मी फोनपासून हलत नव्हते.

आठवडा उलटल्यावर नानाचा फोन आला. दगड नीट बसले का, तळं गळत नाही ना, मासे सोडले का, असलंच विचारत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "कागद कधी आणतोस सहीला?"

पलीकडे त्यानं सुमनला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "कागद ऱ्हाऊ दे आक्का. रविवारी मी आन् सुमन मासे बघाया येतोय."

"या," एवढंच म्हणू शकले. फोन ठेवला आणि तळ्याकाठी बसून पोटभर रडले.