हिरव्या दोऱ्याचा टॅग

आमच्या ऑफिसात चहाचे कप साठत नाहीत इतके किस्से साठतात! एक सांगून संपेपर्यंत दुसरा दारात उभा. आणि यंदाचे सगळे एकाच शब्दानं केले: टॅग.

कोल्हापूरचं आमचं ऑफिस म्हणजे सीए कांबळे मॅडम, जुने क्लार्क सावंतकाका आणि पेठ वडगावहून एसटीनं येणारी मी. मॅडम शाहूवाडीकडच्या. चांगली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं, आणि पहिली मोठी कंपनी मिळाली ती पाटलांची फाउंड्री. पाटलांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "मॅडम, ह्या खेपेला ताळेबंदाचं सरकारी फायलिंग अडकलं तर मी आपला परत पुण्याच्या ऑफिसकडं जाणार. आदीच सांगून ठेवतोय!"

मॅडम हसल्या. पाटील गेल्यावर मात्र त्यांनी ऑफिसच्या भाड्याचा हिशोब काढला. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर ऑफिस चालवणंच अवघड होतं, आणि मला तर त्यांच्यापेक्षा जास्त धडकी भरली होती.

*

काम साधं आहे असं सगळे म्हणतात. ताळेबंदातल्या प्रत्येक आकड्याला सॉफ्टवेअरमध्ये सरकारी यादीतलं एक नाव जोडायचं, म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरला तो वाचता येतो. यालाच टॅगिंग म्हणतात. मॅडम घाईघाईत बँकेत निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, पाटलांच्या ताळेबंदाला टॅग लावायला घ्या."

परत येऊन बघतात तर काकांनी सगळ्या पानांना भोकं पाडून त्यातून हिरव्या दोऱ्याचे टॅग ओवलेले!

"डबल लावलाय," काका म्हणाले. "एक पान सुटायचं न्हाय!"

*

मग मॅडमनी पाटलांना फोन करून सांगितलं की टॅगचं काम सुरू झालंय.

"टॅग? त्यो हाय की काचंवर! किणीच्या टोलला थांबतोय कोण?"

"गाडीचा नाही हो पाटीलसाहेब. कंपनीचा!"

"मग? गाडी कंपनीच्याच नावावर हाय की!"

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या तांब्याभर पाणी प्यायल्या.

*

फाउंड्रीत वर्षातून एकदा सगळ्या कामगारांना तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं जेवण असतं. तो खर्च कुठल्या नावाखाली टाकायचा? त्या यादीत जगातलं सगळं आहे, रस्सा तेवढा नाही. मी खालीवर करून थकले.

काका मागून म्हणाले, "पॉवर अँड फ्युएल हाय न्हवं त्यात? टाका की! पांढरा पॉवर, तांबडा फ्युएल!"

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलंसुद्धा.

*

एकदा सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात सांगितलं, हा टॅग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे, याला आकडा देता येणार नाही. म्हणजे ते नुसतं मथळ्याचं नाव होतं, हे मॅडमनी नंतर समजावलं. तोवर मी आणि काका स्क्रीनकडे बघत बसलो होतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे मला चित्रंच माहीत. समोर उभं राहायचं, मान हलवायची, पुढं जायचं.

काका म्हणाले, "कोल्हापूरला कलापूर म्हणत्यात, ते ह्यालाबी कळलंय व्हय!"

*

सॉफ्टवेअर एका एररवर अडून बसलं तेव्हा मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, कॅश क्लिअर करा आणि परत ट्राय करा."

आता आम्ही हिशोबाची माणसं. मी ताळेबंदातली कॅश शून्य केली!

एक एरर होता तिथं पानभर झाले. फोन परत लावला तेव्हा कळलं, ती कॅश वेगळी. कॉम्प्युटरच्या पोटातली. मग तसं आधी सांगायला काय झालं होतं?

*

शेवटी फायलिंग झालं. कसं झालं ते विचारू नका, मलाही नीट कळलेलं नाही. संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा एरर होता, सकाळी दाबलं तेव्हा नव्हता. सरकारची पोचपावती आली तशी मॅडम खुर्चीत मागं रेलल्या आणि मला चक्क रडू आलं.

दुपारी पाटील आले. "झालं म्हणता. खरं तुमी नक्की केलं काय ते मला सांगा."

मॅडमनी सांगायला घेतलं. कागद मागवला, चौकोन काढले, बाण काढले, फाउंड्रीतल्या भट्टीचं उदाहरण दिलं. पाटील मान हलवत होते. काकाही हलवत होते. मीही हलवत होते. चहा आला, संपला, तरी मॅडम सांगत होत्या.

पाटील उठले, टोपी नीट केली. मॅडमनी भीत भीत विचारलं, "मग साहेब, पुढच्या वर्षीचं?"

"तुमीच करायचं की! त्यात काय इचारताय?"

"म्हणजे पटलं तुम्हाला?"

"छ्या! अक्षर कळलं न्हाय. खरं पुण्यात इंग्रजीतनं कळत न्हवतं, हितं मराठीतनं कळंना. तेवढंच बरं वाटलं बगा!"