पानं धुणारी जोडी

माझी समोरच्या दारातली मैत्रीण रोज सकाळी पानं धुवायला जाते, हे मला तिच्या कामवालीकडून कळलं. तिच्याकडून नाही, कामवालीकडून. जिने स्वतःच्या घरातली कपबशी कधी विसळली नाही, ती टेकडीमागच्या दगडाच्या खाणीत जाऊन झाडांची पानं धुते, हे पचायला मला वेळ लागला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लोक निवृत्त झाले की योगासनं करतात, हास्यक्लबात जातात, नाहीतर जिन्यात उभं राहून पार्किंगवरून भांडतात. खाणीत कोणी जात नाही.

"अगं, फुलपाखरांसाठी," ती चार वाजताच्या चहाला म्हणाली. एवढ्यात सगळं आलं असं तिला वाटत होतं.

चार वाजताचा चहा हा आमचा फार जुना नेम. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या हातचा, घसा चरचरेल इतकं आलं ठेचून घातलेला. तिचे यजमान गेले, माझी नोकरी संपली, दोघींची मुलं लांब गेली, पण चहा चुकला नाही. या बाईच्या पोटातलं सगळं मला ठाऊक असतं, अशी माझी खात्री होती. आणि आता त्या चहात खाणीतली कोणीतरी बाई येऊन बसली. "ती म्हणते, सकाळचं ऊन लागल्याशिवाय फुलपाखरू पंख उघडत नाही." "ती म्हणते, रुईचा चीक विषारी, पण अळीला तोच गोड." ती म्हणते, ती म्हणते. मी विचारलं, ही कोण? तर म्हणे, "माझी जोडीदारीण."

हा शब्द माझ्या चांगलाच जिव्हारी लागला.

मग एकदा समोरून येणाऱ्या तिच्या दुचाकीवर ती दुसरी बाई मागे बसलेली दिसली. ती मागची सीट माझी होती. भाजी आणायला, डॉक्टरकडे, दगडूशेठला, सगळीकडे मी त्या सीटवर बसून गेले आहे. माझ्याच बसण्याने तिचं रेक्झिन एका बाजूला खचलंय. मी दुकानाच्या पायरीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी राहिले आणि त्या दोघी हसत पुढे निघून गेल्या. दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलं, की मलाही खाण बघायची आहे.

खाण सुंदर आहे, हे मला कबूल करणं भाग आहे. तिचा अर्धा भाग अजून चालू आहे, तिथे सुरुंग लागतात, खडी फुटते. उरलेला अर्धा भाग, तिथला दगड संपला म्हणून, बंद पडला, आणि खाणवाल्यांनी तो फुलपाखरांसाठी सोडला. उभ्या काळ्या कड्यातून पाणी पाझरतं. खाली लिंबू, कढीपत्ता, रुई अशी झाडं लावली आहेत. दगडाच्या ओल्या भुकटीवर पिवळ्या फुलपाखरांचा थवाच्या थवा पंख मिटून पाणी पीत बसला होता. कड्याच्या सावलीतून निळा-काळा नीलवंत हातरुमालाएवढे पंख हलवत गेला. माझी मैत्रीण त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने तिने माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. मला त्या कीटकाचाही राग आला.

तिथली रीत अशी. पलीकडे सुरुंग लागायचा असला की कड्यावर लाल झेंडा चढतो, शिट्टी होते आणि सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसतात. धडाका होतो. मग पांढरी धूळ उठते आणि अलीकडच्या पानांवर बसते. धुळीचं पान अळी खात नाही, म्हणून ते धुवायचं. एकीने फांदी वाकवून धरायची, दुसरीने पंपाने वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. प्रत्येक ओळीला ठरलेली जोडी. लिंबाच्या ओळीची जोडी म्हणजे माझी मैत्रीण आणि तिची ती जोडीदारीण.

ती बुधवार पेठेतली. घरचं विजेच्या सामानाचं दुकान, पिढ्यानपिढ्यांचं मुसलमान घराणं, मराठी माझ्याहून स्वच्छ. "या ताई, आपल्याबद्दल फार ऐकलंय," असं म्हणून तिने मला खारी दिली. मला तिच्यात काहीतरी खोट हवी होती. ती सापडेना, ही मोठीच पंचाईत झाली.

मग मी कामाला लागले. घरून मऊ सुती फडकं नेलं होतं. फवाऱ्याने काय स्वच्छ होणार, असं म्हणून मी लिंबाचं एकेक पान हातात घेऊन, रबराच्या झाडाची पानं पुसते तसं, वरून आणि खालून लख्ख पुसलं. खाली खसखशीच्या दाण्यासारखं पिवळट काहीतरी चिकटलं होतं, तेही निपटून काढलं. मागे वळून बघते तर मैत्रिणीने कपाळावर हात मारलेला.

"अगं बाई! सगळी अंडी पुसलीस!"

आणि दुसरी हळूच म्हणाली, "राहू दे हो, त्यांना काय माहीत." तिने माझी बाजू घेतली, आणि तेच मला जास्त लागलं. नंतर शेडमध्ये बसलो तेव्हा बोलता बोलता ती म्हणून गेली, "यांना एकटीला अंधारात झोप लागत नाही ना, म्हणून मी छोटा दिवा आणून दिलाय." यजमान गेल्यापासून मैत्रीण दिवा लावून झोपते, हे तिने मला एकटीला सांगितलं होतं. रडत सांगितलं होतं, आणि मी ते माझ्या मुलीलाही कळू दिलं नव्हतं. घरी येताना दुचाकीवर मी तिच्या खांद्याऐवजी मागची दांडी धरून बसले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे पावसाळा सरताना मैत्रिणीचा पाय मुरगळला आणि प्लास्टर बसलं. "माझ्या जागी तू जा," ती म्हणाली. "ओळ मोकळी राहता कामा नये." मी गेले. खरं सांगायचं तर त्या बाईवर नजर ठेवायला गेले. पण फांदी धरून उभं राहिलं की माणूस बोलतं. तिला पानाखालची अंडी दुरून दिसायची, मला हळूहळू जवळून दिसायला लागली. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी तिने मला दाखवली आणि मी किंचाळले, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. मनात म्हटलं, हिला आवडून घ्यायचं मी काही ठरवलं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर मैत्रीण काठी टेकत खाणीत आली. झेंडा चढलेला होता, म्हणून आम्ही तिघी शेडमध्ये बसलो. दुसरीने थर्मास उघडला, मला पेला दिला आणि सहज म्हणाली, "ताईंना आलं आवडत नाही, म्हणून बिनआल्याचा आणते हल्ली."

मैत्रिणीचा पेला तोंडाशीच थांबला.

"हिला आलं आवडत नाही?"

"नाही हो. घसा जळतो म्हणाल्या. पहिल्यापासूनच."

पलीकडे धडाका झाला. पत्रा थरथरला, धूळ उठली. मैत्रीण धुळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट ओळखता आलं, कारण तेच घेऊन मी कोथिंबिरीच्या जुडीसकट त्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार, फार बरं वाटलं.

धूळ बसल्यावर ती काठी ठेवून लिंबापाशी आली. मी धरलेल्या फांदीकडे बघून म्हणाली, "जास्त वाकवतेस तू. सोड. मी धरते."

त्या दिवशी चार वाजता तिने माझ्यापुढे कप आदळला. चहात आलं नव्हतं. एक घोट घेतला तर मिळमिळीत लागला, पण ते मी बोलले नाही. ती समोर बसली, स्वतःच्या कपाला हातही न लावता.

"आणखी काय काय सांगितलंयस तिला?"

मी कप उचलला आणि सावकाश फुंकर घालत राहिले.